फुप्फुसाचा कर्करोग : किरणोपचार आणि प्रतिकारोपचार यांची सांगड

जगात सर्वाधिक बळी घेणारा कर्करोग म्हणून फुप्फुसाच्या कर्करोगाची नोंद होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगभरात या रोगाचे सुमारे २५ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे १८ लाख मृत्यू झाले. त्याच वर्षी भारतात नव्या रुग्णांची संख्या सुमारे ८१ हजार, तर मृत्यूंची संख्या सुमारे ७५ हजार होती. या दोन आकड्यांतील अल्प अंतर रोगाचे गांभीर्य पुरेसे स्पष्ट करते. दीर्घकाळ खोकला आणि दम लागणे ही लक्षणे क्षयरोगातही दिसत असल्यामुळे निदान अनेकदा लांबते आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते.

अशा रुग्णांसाठी गेल्या काही वर्षांत किरणोपचार आणि इम्युनोथेरपी म्हणजेच प्रतिकारोपचार यांची सांगड घालणारी उपचारपद्धती पुढे आली आहे. ही सांगड नेमकी कोठे उपयोगी पडते, कोठे पडत नाही आणि महानगरांपासून दूर असलेल्या गावातील रुग्णापर्यंत ती पोहोचण्यासाठी काय लागते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

दोन उपचार, दोन तत्त्वे

किरणोपचारात उच्च ऊर्जेचे किरण अर्बुदावर केंद्रित केले जातात. त्यामुळे कर्कपेशींतील डीएनएचे धागे तुटतात आणि त्या पेशी विभाजनाची क्षमता गमावतात. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजली जाते. एक किलोग्रॅम ऊतीने एक ज्यूल ऊर्जा शोषली, की ती मात्रा एक ग्रे होते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या तिसऱ्या टप्प्यात साधारणपणे ६० ग्रे मात्रा ३० भागांत विभागून, आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा आठवडे दिली जाते. बहुधा तिच्या जोडीला रसायनोपचारही असतो.

प्रतिकारोपचार थेट अर्बुदावर मारा करीत नाही. शरीरातील टी-पेशी विकृत पेशींना ओळखून नष्ट करू शकतात. मात्र निरोगी ऊतींवर हल्ला होऊ नये म्हणून या पेशींना निसर्गतःच ‘लगाम’ असतात. टी-पेशीवरील पीडी-१ हे प्रथिन असाच एक लगाम आहे. अनेक कर्कपेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल१ हे प्रथिन धारण करून हा लगाम ओढतात आणि स्वतःचा बचाव करतात. दुर्व्हालुमॅब, निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही प्रतिपिंडे हा संबंध तोडतात. टी-पेशींवरील अशा लगामांच्या शोधाबद्दल अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकु होन्जो यांना २०१८ साली शरीरक्रियाशास्त्र व वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

सांगडीमागील विचार

किरणांनी मरणाऱ्या पेशींतून अर्बुदाची विशिष्ट प्रथिने आणि धोक्याचे रासायनिक संकेत बाहेर पडतात. ते टिपून प्रतिकारयंत्रणेतील अन्य पेशी टी-पेशींना ‘शत्रूची ओळख’ करून देतात. त्याच वेळी किरणोपचारानंतर अर्बुदावरील पीडी-एल१ चे प्रमाण वाढू शकते. म्हणजे ओळख पटते, परंतु लगामही घट्ट होतो. अशा वेळी लगाम सोडविणारे औषध दिल्यास दोन्ही उपचार परस्परांना पूरक ठरतील, अशी ही कल्पना आहे.

या कल्पनेची मुळे जुनी आहेत. एका ठिकाणी किरण दिले असता दूरच्या, किरण न दिलेल्या गाठीही आकुंचन पावल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली होती. ब्रिटिश शास्त्रज्ञ आर. एच. मोल यांनी १९५३ साली या परिणामाला ‘ॲबस्कोपल’ असे नाव दिले. केवळ किरणोपचाराने तो क्वचितच दिसतो.

चाचण्यांचा कौल : क्रम महत्त्वाचा

या क्षेत्रातील निर्णायक चाचणी ‘पॅसिफिक’ या नावाने ओळखली जाते. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या तिसऱ्या टप्प्यातील, बिगर-लघुपेशी प्रकारच्या कर्करोगाचे सातशेहून अधिक रुग्ण तीत सहभागी होते. रसायन-किरणोपचार पूर्ण झाल्यानंतर सहा आठवड्यांच्या आत एका गटास दुर्व्हालुमॅब सुरू करून ते वर्षभर देण्यात आले, तर दुसऱ्या गटास औषधविरहित द्राव देण्यात आला. पाच वर्षांनंतर पहिल्या गटातील ४२.९ टक्के, तर दुसऱ्या गटातील ३३.४ टक्के रुग्ण हयात होते. लघुपेशी प्रकारातही, रोग छातीपुरता मर्यादित असताना, हाच क्रम उपयुक्त ठरल्याचे ‘ॲड्रिॲटिक’ चाचणीने २०२४ साली दाखवून दिले. त्या चाचणीत मध्यक जीवनकाल ३३.४ महिन्यांवरून ५५.९ महिन्यांवर गेला.

तथापि, हेच औषध किरणोपचाराच्या पहिल्या दिवसापासून सुरू केल्यास लाभ वाढेल, ही अपेक्षा फोल ठरली. ‘पॅसिफिक-२’ चाचणीच्या २०२४ साली मांडण्यात आलेल्या निष्कर्षांनुसार एकाच वेळी दिलेल्या उपचाराने रोगाची वाढ लक्षणीयरीत्या लांबली नाही. किरणांमुळे रक्तातील लसिकापेशीही घटतात आणि ज्या पेशींवर औषधाची भिस्त असते, त्यांचाच तुटवडा पडू शकतो, असे एक संभाव्य स्पष्टीकरण दिले जाते. म्हणजेच दोन प्रभावी उपचार एकत्र केले की परिणामांची बेरीज होतेच, असे नाही.

मर्यादा आणखीही आहेत. दोन्ही उपचारांमुळे फुप्फुसाचा दाह संभवतो आणि वाढता खोकला किंवा दम दुर्लक्षित राहिल्यास तो जीवघेणा ठरू शकतो. शिवाय ईजीएफआर या जनुकात बदल असलेल्या रुग्णांना प्रतिकारोपचाराचा फारसा लाभ होत नाही. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतीय रुग्णांत हा बदल अधिक आढळतो. अशा रुग्णांना किरणोपचारानंतर ओसिमर्टिनिब ही गोळी अधिक उपयुक्त ठरल्याचे २०२४ साली ‘लॉरा’ चाचणीत दिसून आले. म्हणून उपचारापूर्वी जनुकीय तपासणी अनिवार्य मानावयास हवी.

भारतातील प्रयत्न

प्रतिकारोपचाराची किंमत हा आपल्याकडील मोठा अडसर आहे. या संदर्भात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधन उल्लेखनीय आहे. १९४१ साली सुरू झालेले हे रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. तेथे डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगाच्या रुग्णांना नेहमीच्या उपचाराबरोबर दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब देण्यात आले. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एक वर्ष हयात राहणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हा निष्कर्ष फुप्फुसाच्या कर्करोगास जसाच्या तसा लावता येत नाही. मात्र अल्प मात्रेचा प्रश्न शास्त्रीय कसोटीवर तपासण्याची दिशा त्याने दाखविली.

शासकीय पातळीवर २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दुर्व्हालुमॅब, ओसिमर्टिनिब आणि ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन या तीन औषधांवरील सीमाशुल्क माफ करण्यात आले. त्याच वर्षी त्यांच्यावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. किरणोपचाराच्या क्षेत्रात भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे स्वदेशी कोबाल्ट यंत्र विकसित केले. २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमुळे देशभरातील रुग्णालये समान उपचारसूत्रे आणि औषधांची एकत्रित खरेदी यांसाठी जोडली गेली.

गावापासून रुग्णालयापर्यंत

तामिळनाडूत कुंभकोणमजवळ कावेरीच्या खोऱ्यात वसलेले स्वामीमलै हे गाव धातूच्या ओतीव मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या पुढाकाराने १९५४ साली सुरू झालेली अड्यार येथील कर्करोग संस्था याच राज्यात आहे, परंतु चेन्नई स्वामीमलैपासून सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. एवढ्या दूरच्या केंद्रात उपचार घ्यायचे, तर हातावर पोट असलेल्या कारागिराला सहा आठवडे घर आणि रोजगार सोडून राहावे लागते. निवास, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा भार औषधाच्या बिलात दिसत नाही. गडचिरोली किंवा नंदुरबार येथील रुग्णाची अडचणही याच स्वरूपाची आहे.

या दोन उपचारांच्या गरजा भिन्न आहेत, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. किरणोपचारासाठी जाड भिंतींचा सुरक्षित कक्ष, महागडे यंत्र आणि भौतिकतज्ज्ञ लागतात. त्यामुळे तो मोजक्या केंद्रांतच देता येतो. याउलट प्रतिकारोपचाराचे औषध शिरेवाटे सुमारे तासाभरात देता येते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी परततो. तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची, त्यांपैकी २०० केंद्रे २०२५-२६ मध्येच सुरू करण्याची घोषणा २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात करण्यात आली. दाह वेळीच ओळखणारे प्रशिक्षित मनुष्यबळ अशा केंद्रांत असल्यास उपचाराचा वर्षभराचा उत्तरार्ध रुग्णाच्या जिल्ह्यातच पार पडू शकेल.

पूर्वार्ध मात्र अटळ आहे. ‘पॅसिफिक’ चाचणीतील लाभ मिळाला, तो किरणोपचार पूर्ण करून रोग आटोक्यात राहिलेल्या रुग्णांना. सहा आठवड्यांचा किरणोपचार मध्येच सुटला, तर पुढील औषध कितीही स्वस्त झाले तरी त्याचा आधार नाहीसा होतो. म्हणून औषधांवरील करसवलतीइतकेच महत्त्व किरणोपचार यंत्रांच्या समतोल वाटपाला, रुग्णांच्या निवासव्यवस्थेला आणि वेळेवर होणाऱ्या निदानाला द्यावे लागेल. प्रयोगशाळेतील सांगड यशस्वी झाली आहे. आता महानगरातील केंद्र आणि जिल्हा रुग्णालय यांची सांगड घालणे हे आरोग्यनियोजनापुढील खरे आव्हान आहे.