वल्हांडणाची पौर्णिमा

नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो. मग गुड फ्रायडेची तारीख का बदलते? २०२४ साली तो २९ मार्चला होता, २०२५ साली १८ एप्रिलला. सुट्ट्यांची यादी पाहताना एखादा विद्यार्थी हा प्रश्न विचारतोच. त्याचे उत्तर चंद्रात आणि ज्यूंच्या वल्हांडण सणात आहे.

ज्यू पंचांगात महिने चंद्राचे, पण वर्ष सूर्याशी जुळवून घेतलेले असते. बारा चांद्रमासांचे सुमारे ३५४ दिवस होतात. म्हणजे सौर वर्षापेक्षा ११ दिवस कमी. ही तूट भरून काढण्यासाठी १९ वर्षांत ७ वेळा तेरावा महिना धरतात. आपल्या अधिक मासामागेही हेच गणित आहे. निसान हा त्यांचा वसंतातला महिना. प्राचीन काळी संध्याकाळी चंद्रकोर दिसली की महिना सुरू होई. त्यामुळे १४-१५ निसानला चंद्र जवळजवळ पूर्ण असे.

इजिप्तच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची आठवण म्हणजे वल्हांडण. कोकणातील मराठी भाषक बेने इस्रायल समाजही हा सण पाळत आला आहे. जेरुसलेमचे मंदिर उभे होते तेव्हा १४ निसानला दुपारी कोकरे बळी दिली जात. ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला बदलतो. म्हणून त्याच संध्याकाळी, १५ निसान लागल्यावर, सणाचे भोजन होई.

येशू ख्रिस्ताला क्रूसावर खिळले ते याच सणाच्या सुमारास, शुक्रवारी. यावर चारही शुभवर्तमानांचे एकमत आहे. तारखेबाबत मात्र नाही. मत्तय, मार्क व लूक यांच्या मते येशूने शिष्यांबरोबर घेतलेले शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन होते. म्हणजे तो शुक्रवार १५ निसान ठरतो. योहानाच्या वृत्तांतात सणाचे भोजन अजून व्हायचे होते. म्हणजे १४ निसान.

फरक एका दिवसाचा, पण अर्थाच्या दृष्टीने मोठा. योहानाच्या क्रमात, कोकरे कापली जातात त्याच दिवशी येशूचा मृत्यू होतो. तोच कोकरू ठरतो. पहिल्या क्रमात जुन्या भोजनातील भाकर आणि द्राक्षारस यांना नवा अर्थ मिळतो. ख्रिस्ती श्रद्धेने हे दोन्ही अर्थ जपले आहेत.

खगोलशास्त्र इथे काय सांगू शकते? पिलात इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा सुभेदार होता. या काळात १४ निसान शुक्रवारी येण्याच्या सर्वांत संभाव्य तारखा दोन : ७ एप्रिल ३० आणि ३ एप्रिल ३३. १९८३ साली हम्फ्रीज व वॉडिंग्टन या संशोधकांनी दुसऱ्या तारखेची बाजू मांडली. त्या संध्याकाळी जेरुसलेमला चंद्र उगवला तो खंडग्रास ग्रहणातच, हा त्यांचा एक आधार होता. त्या दिवशी दुपारी तीन तास अंधार पडल्याचे शुभवर्तमानांत म्हटले आहे. पण ते सूर्यग्रहण असू शकत नाही. सूर्यग्रहण अमावास्येलाच होते, आणि वल्हांडण तर पौर्णिमेचा! शिवाय खग्रास स्थिती साडेसात मिनिटांहून अधिक टिकत नाही.

पुढे काही ख्रिस्ती १४ निसानलाच सण पाळत, तर काही त्यानंतरच्या रविवारी. इ. स. ३२५ मध्ये निकिया येथील धर्मपरिषदेने सर्वांनी एकाच रविवारी ईस्टर साजरा करावा असे ठरवले. पुढे नियम रूढ झाला : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. गुड फ्रायडे त्याच्या दोन दिवस आधी. ही पौर्णिमा चर्च स्वतःच्या कोष्टकावरून काढते, ज्यू पंचांगावरून नाही. म्हणून २०२४ साली ईस्टर ३१ मार्चला झाला. ज्यू वर्षात अधिक महिना असल्याने वल्हांडणाचे भोजन मात्र २२ एप्रिलच्या रात्री झाले.

विद्यार्थ्यांना दिनदर्शिकेवरून पाच वर्षांच्या पौर्णिमा काढून ईस्टर शोधायला सांगावे. आकाशाचे गणित तारखा सुचवू शकते, चुकीच्या कल्पना बाद करू शकते. त्या दिवसाचा अर्थ काय, हे ठरवणे मात्र त्याच्या कक्षेबाहेरचे आहे. वर्गात ही सीमारेषाही आपण दाखवायला हवी.