सायकल ग्रंथालय

सायकल ग्रंथालय : पायाने चालविल्या जाणाऱ्या दुचाकी वा तीनचाकी वाहनावर ग्रंथपेटी बसवून, वाचक जेथे असतील तेथे जाऊन ग्रंथांची देवघेव करणारे फिरते ग्रंथालय. फिरत्या ग्रंथालयांचा हा एक लहान प्रकार होय. स्थायी ग्रंथालयापर्यंत येऊ न शकणाऱ्या, तसेच त्याच्या सभासदत्वाच्या अटी पुऱ्या करू न शकणाऱ्या वाचकांसाठी त्याचा विशेष उपयोग होतो. अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या पोर्टलंड शहरात उघड्यावर राहणाऱ्या लोकांसाठी २०११ मध्ये सुरू झालेले ‘स्ट्रीट बुक्स’ हे ग्रंथालय या प्रकाराचे बोलके उदाहरण आहे.

पूर्वपीठिका : वाचकाने ग्रंथाकडे येण्याऐवजी ग्रंथाने वाचकाकडे जावे, ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील वॉरिंग्टन येथे १८५८ च्या सुमारास घोडा जुंपलेले फिरते ग्रंथालय होते. अमेरिकेत मेरी टिटकोम या ग्रंथपाल महिलेने मेरिलंड राज्यातील हॅगर्सटाउन येथून १९०५ मध्ये खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांकडे ग्रंथांची घोडागाडी पाठविण्यास आरंभ केला. भारतात बडोदा संस्थानचे अधिपती सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांनी विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास १९१० मध्ये पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारले. ग्रंथांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेड्यांना पाठविणे, हा त्या योजनेचा एक भाग होता. मद्रास इलाख्यातील मन्नारगुडीच्या परिसरात १९३१ मध्ये बैलगाडीवरील ग्रंथालय सुरू झाले. एस्. आर्. रंगनाथन यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रेही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ आणि ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ ही त्यांतील पहिली दोन सूत्रे होत.

या सर्व उपक्रमांचा अडसर एकच होता, तो म्हणजे अंतर. वाचकाला गाव होते, घर होते. ग्रंथालय मात्र दूर होते. वाहनाचा प्रकार बदलला की हा अडसर दूर होत असे.

पत्त्याचा प्रश्न : शहरात उघड्यावर राहणाऱ्या माणसाचा अडसर वेगळा असतो. सार्वजनिक ग्रंथालयाची इमारत त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर असू शकते आणि दिवसा तेथे बसून त्याला वाचताही येते. पण ग्रंथ बाहेर नेण्याचा हक्क बहुधा सभासदपत्रावर अवलंबून असतो आणि सभासदपत्र राहत्या पत्त्याच्या पुराव्यावर. उसना दिलेला ग्रंथ परत यावा यासाठी ग्रंथालयाला काही तरी हमी लागते. आपल्याकडे हे काम अनामत रक्कम करते, अमेरिकेत ते मुख्यतः पत्त्याने केले. ज्याला पत्ताच नाही तो त्यामुळे वाचक राहू शकतो, परंतु सभासद होऊ शकत नाही. त्यातून सामान भिजणे, हरवणे वा जप्त होणे हे उघड्यावरच्या जगण्यात नित्याचेच. त्यामुळे विलंबशुल्काचा आणि नुकसानभरपाईचा धाकही अशा माणसाला दूर ठेवतो.

हा प्रश्न मोजक्या माणसांपुरता मर्यादित नाही. अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये एका रात्री झालेल्या शासकीय गणनेत सु. ७,७१,००० लोक बेघर आढळले, त्यांपैकी सु. २,७४,००० लोकांना निवारागृहाचाही आसरा नव्हता. अमेरिकन ग्रंथालय संघाने गरिबांना द्यावयाच्या ग्रंथालयसेवेविषयीचे आपले धोरण १९९० मध्येच स्वीकारले होते. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००९ मध्ये पूर्ण वेळ समाजकार्यकर्तीची नेमणूक केली.

पोर्टलंड येथील प्रयोग : लॉरा मोल्टन या लेखिका व कलावंत महिलेने जून २०११ मध्ये ‘स्ट्रीट बुक्स’ सुरू केले, ते एका उन्हाळ्यापुरता कलाप्रकल्प म्हणून. ग्रंथपेटी बसविलेली तीनचाकी सायकल घेऊन त्या शहराच्या मध्यभागातील स्किडमोर कारंज्याजवळ आणि पार्क ब्लॉक्स या उद्यानपट्ट्यात ठरलेल्या दिवशी उभ्या राहत. उन्हाळा संपत आला तरी ग्रंथ घेणारे आणि परत आणून देणारे येतच राहिले. तेव्हा प्रकल्प न आटोपता पुढे चालू ठेवण्यात आला आणि त्याला एका विनानफा संस्थेचे रूप आले.

कार्यपद्धती : या ग्रंथालयात ओळखपत्र वा पत्त्याचा पुरावा मागितला जात नाही. परतीची तारीख नसते आणि दंडही नसतो. ग्रंथाच्या आत कागदी खिसा व त्यात पत्रिका, ही संगणकपूर्व ग्रंथालयांची जुनी रीत येथे ठेवलेली आहे. वाचक पत्रिकेवर आपले नाव लिहितो, ग्रंथपाल ती पत्रिका ठेवून घेतो आणि व्यवहार पुरा होतो. वाचन झाल्यावर सायकल पुन्हा भेटेल तेव्हा ग्रंथ परत करावयाचा. न आलेल्या ग्रंथाबद्दल विचारणा होत नाही. कागदी बांधणीच्या हलक्या पुस्तकांना अशा ठिकाणी मागणी असते, कारण सर्व चीजवस्तू पाठीवर वाहणाऱ्याला प्रत्येक वस्तूचे वजन मोजावे लागते. ग्रंथांबरोबर वाचनाचे चष्मेही दिले जातात. चष्मा हरवला की वाचन थांबते आणि नवा मिळविणे उघड्यावरच्या माणसाला सोपे नसते.

सायकलीची निवड केवळ काटकसरीसाठी नव्हे. तिला इंधन लागत नाही, मोटारीला मज्जाव असलेल्या उद्यानात ती जाऊ शकते आणि तिच्याजवळ जाण्यासाठी कोणताही उंबरठा ओलांडावा लागत नाही. उलट, तिची धारणक्षमता अल्प असते. चढण व पाऊस तिला बाधतात आणि पोर्टलंडमध्ये शरद ऋतूपासून वसंत ऋतूपर्यंत पावसाळी हवा असते. त्यामुळे मोठा संग्रह नव्हे, तर नियमितपणा हे अशा ग्रंथालयाचे खरे भांडवल ठरते. तेच ठिकाण, तीच वेळ आणि वाचकाने मागच्या वेळी काय मागितले होते याची ग्रंथपालाला असलेली आठवण यांवर ते चालते.

देणे आणि उसने देणे : परतीची सक्ती नाही, तर ग्रंथ सरळ देऊनच का टाकू नयेत, असा प्रश्न साहजिकपणे उद्भवतो. परंतु दान आणि उसनवारी यांत महत्त्वाचा भेद आहे. दान घेणाऱ्याकडून कसलीच अपेक्षा नसते. उसने देणारा मात्र घेणाऱ्याला परत येणारा माणूस मानतो आणि ग्रंथाविषयी त्याचे मत ऐकण्यासाठी थांबतो. उघड्यावर राहणाऱ्या माणसाला अन्न आणि वस्त्र पुष्कळदा दान म्हणून मिळते. त्याच्यावर विश्वास टाकणारा व्यवहार क्वचितच वाट्याला येतो. नाव लिहिलेली पत्रिका हा असा व्यवहार आहे. पत्त्याची हमी काढून तिच्या जागी परिचय ठेवता येतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले. प्रारंभीच्या काळात उघड्यावर राहत असलेले या ग्रंथालयाचे एक वाचक बेन हॉजसन यांनी पुढे मोल्टन यांच्यासह लोनर्स : द मेकिंग ऑफ अ स्ट्रीट लायब्ररी (२०२१) हा ग्रंथ लिहिला.

मर्यादा व महत्त्व : सायकल ग्रंथालय घर देऊ शकत नाही. ऑरेगनमधीलच ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये निर्णय दिला, की सार्वजनिक जागी झोपण्यास वा मुक्काम करण्यास मनाई करणारे नियम अंमलात आणणे हे संविधानाने निषिद्ध केलेल्या क्रूर शिक्षेत मोडत नाही. वाचकालाच जागा सोडावी लागली, तर ठरल्या जागी ठरल्या वेळी उभी राहणारी सायकलही त्याला गाठू शकत नाही. तथापि मोठ्या ग्रंथालयांतही विचार बदलत आहे. आर्थिक दंड हा सामाजिक विषमतेचा एक प्रकार असल्याचा ठराव अमेरिकन ग्रंथालय संघाने २०१९ मध्ये केला, आणि शिकागो व सॅन फ्रॅन्सिस्को येथील सार्वजनिक ग्रंथालयांनी त्याच वर्षी विलंबशुल्क रद्द केले. ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ या सूत्रातील ‘प्रत्येक’ या शब्दाची व्याप्ती किती मानावी, हा प्रश्न एका तीनचाकी सायकलीने पुन्हा पुढे आणला, यात तिचे महत्त्व आहे.