दोन खिडक्यांचा कॅमेरा

उजव्या हाताची तर्जनी नाकासमोर वीतभर अंतरावर उभी धरा. आता डावा डोळा मिटून तिच्याकडे पाहा. मग उजवा मिटून पाहा. बोट जागचे हललेले नाही, तरी पाठीमागच्या भिंतीवर ते एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकल्यासारखे दिसते. हात लांब करून हाच प्रयोग पुन्हा केला, तर हे सरकणे कमी होते. आपले दोन डोळे एकमेकांपासून सुमारे साडेसहा सेंटिमीटर दूर आहेत. त्यामुळे एकच वस्तू त्यांना किंचित निराळ्या बाजूंनी दिसते, आणि या निराळेपणावरून ती किती दूर आहे याचा अंदाज आपण नकळत बांधीत असतो. एक डोळा मिटून दोन पेन्सिलींची टोके समोरासमोर टेकविण्याचा प्रयत्न करा, म्हणजे दुसऱ्या डोळ्याचे मोल ध्यानात येईल.

नेमक्या याच तत्त्वावर अंतर मोजणारा एक कॅमेरा आहे. त्याला रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापक कॅमेरा म्हणतात.

पण छायाचित्र काढण्यासाठी अंतर मोजावे तरी कशाला? एखादे भिंग घेऊन खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरा. भिंग पुढेमागे करता करता एका ठिकाणी भिंतीवर खिडकीचे छोटेसे, उलटे चित्र स्पष्ट उमटेल. भिंग थोडेही हलविले की ते पुसट होते. वस्तू जितकी जवळ, तितके भिंग भिंतीपासून अधिक दूर न्यावे लागते. कॅमेऱ्यातही हेच घडते. भिंतीच्या जागी तेथे फिल्म असते, इतकेच. समोरचा मनुष्य दोन मीटरांवर आहे की तीन, हे कळल्यावाचून भिंग योग्य जागी नेता येत नाही आणि चित्र स्पष्ट येत नाही.

जर्मनीतील वेट्झलार या गावी लाइट्झ यांचा सूक्ष्मदर्शक यंत्रांचा प्रसिद्ध कारखाना होता. तेथे ऑस्कर बार्नाक नावाचे कुशल कारागीर काम करीत. त्यांना छायाचित्रणाचा छंद होता. परंतु दम्याच्या विकारामुळे त्या काळचा अवजड कॅमेरा, तिपाई व काचेच्या पट्ट्या वाहून नेणे त्यांना झेपत नसे. मग लहानशा फिल्मवर चित्र घ्यावे व पुढे ते मोठे करून छापावे, असा विचार त्यांनी केला. चलच्चित्रपटांसाठी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म तयार मिळतच होती. तिच्यावरील दोन चित्रांची जागा एकत्र करून त्यांनी २४ मिलिमीटर उंच व ३६ मिलिमीटर रुंद असे चित्र ठरविले, आणि १९१४ च्या सुमारास हातात मावेल एवढा कॅमेरा घडविला. १९२० मध्ये वेट्झलारच्या रस्त्यांत पुराचे पाणी शिरले, तेव्हा बार्नाक यांनी या कॅमेऱ्याने त्याची छायाचित्रे घेतली. १९२५ मध्ये तो 'लायका' या नावाने लाइप्झिगच्या जत्रेत लोकांसमोर आला.

या पहिल्या लायकाला अंतर मोजता येत नसे. छायाचित्रकाराने ते नजरेने अजमावावयाचे, किंवा निराळे अंतरमापक कॅमेऱ्यावर बसवून आकडा वाचावयाचा आणि मग भिंगावरील कडे त्या आकड्यावर फिरवावयाचे. तोवर समोरचे मूल धावून गेलेले असे! १९३२ मध्ये लायकाच्या दुसऱ्या आवृत्तीत अंतरमापक भिंगालाच जोडण्यात आले. त्याच वर्षी झाइस आयकॉन या दुसऱ्या जर्मन कंपनीने 'कॉन्टॅक्स' नावाचा, तशीच सोय असलेला कॅमेरा बाजारात आणला.

ही जोडणी मोठी मनोरंजक आहे. कॅमेऱ्याच्या कपाळावर दोन खिडक्या असतात. एक मोठी, एक लहान. मोठ्या खिडकीच्या पाठीमागे तिरपी बसविलेली, अर्धवट चांदी चढविलेली काच असते. ती काही प्रकाश आरपार जाऊ देते आणि काही परावर्तित करते. लहान खिडकीमागे एक छोटा आरसा किंवा लोलक असतो. तो आपल्याकडे आलेला प्रकाश आडवा वळवून त्या काचेकडे पाठवितो. त्यामुळे डोळा लावला की समोरचे दृश्य तर दिसतेच. पण त्याच्या मध्यभागी एका उजळ चौकोनात त्याच दृश्याची दुसरी, फिकट प्रतिमाही दिसते. समोर उभ्या असलेल्या मुलाला जणू त्याची सावली चिकटलेली असते. भिंगावरचे कडे फिरविले की भिंग पुढेमागे सरकते. त्याची मागची कड कॅमेऱ्यातील एका लहानशा दांडीला ढकलते, आणि ती दांडी आरसा किंचित वळविते. फिकट प्रतिमा सरकू लागते. सरकत सरकत ती खऱ्या प्रतिमेवर तंतोतंत बसली, दोन नाके एक झाली, की भिंग योग्य जागी आले असे समजावे.

यात गणित आहे ते त्रिकोणाचे. दोन खिडक्यांमधील अंतर हा त्रिकोणाचा पाया आणि समोरची वस्तू हा शिरोबिंदू. पाया आणि त्याच्या दोन टोकांचे कोन ठाऊक असले, की शिरोबिंदूचे अंतर निघते. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी सुमारे साडेसात मैलांचा पाया मोजून हिंदुस्थानच्या भूमापनास प्रारंभ केला, तो याच आधारावर. पाया जितका लांब, तितके दूरचे अंतर अधिक अचूक कळते. म्हणूनच युद्धनौकांवरील अंतरमापके प्रचंड असत. स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड या कंपनीने पहिल्या महायुद्धाच्या काळी १५ फूट लांबीची अंतरमापके बनविली होती; शत्रूचे जहाज किती दूर आहे हे पाहून तोफांची नेम धरण्यासाठी ती वापरीत. तोफखान्याची ही विद्या पुढे खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात आली आणि तिने माणसांचे चेहरे टिपले, ही गोष्ट मला फार आवडते. १९५४ मध्ये निघालेल्या 'लायका एम ३' या कॅमेऱ्यात हा पाया सुमारे सात सेंटिमीटर होता. म्हणजे आपल्या दोन डोळ्यांमधील अंतराएवढाच!

अंतरमापक कॅमेऱ्यांच्या इतिहासात तुमच्यासारख्या मुलांचाही वाटा आहे. रशियातील क्रांती व यादवी युद्धानंतर हजारो मुले अनाथ होऊन रस्त्यावर आली होती. अशा मुलामुलींसाठी खार्किव शहराजवळ एक वसाहत स्थापन झाली. हे शहर तेव्हा सोव्हिएत संघराज्यात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. प्रसिद्ध शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको हे तिचे चालक होते. तेथील मुले शाळेत शिकत आणि कारखान्यात कामही करीत. १९३४ पासून त्यांच्या कारखान्यात 'फेड' नावाचा कॅमेरा तयार होऊ लागला. तो लायकाची हुबेहूब नक्कल होता, हे खरे. तथापि अंतरमापकाचा आरसा केसभर चुकला तरी सगळा कॅमेरा निरुपयोगी ठरतो. असले काम काही वर्षांपूर्वी रस्त्यावर झोपणाऱ्या मुलांनी करून दाखविले, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

अशा कॅमेऱ्याने चित्र काढणाऱ्यास बरेच काही स्वतः ठरवावे लागते. जुन्या कॅमेऱ्यांत प्रकाश मोजण्याची सोय बहुधा नसते. लख्ख उन्हात भिंगातील छिद्राचा अंक १६ ठेवावा आणि फिल्मचा अंक १०० असल्यास पडदा सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग उघडावा, असा एक जुना व भरवशाचा नियम आहे. सावलीत छिद्र मोठे करावे. आणि येथे नवशिक्या माणसाचा हमखास गोंधळ होतो, कारण अंक जसा लहान, तसे छिद्र मोठे! काढलेले चित्र तेथल्या तेथे पाहता येत नाही. एका फिल्मवर साधारणतः ३६ चित्रे मावतात. ती संपल्यावर, अंधारात रसायनांनी धुतल्यानंतरच काय साधले आणि काय हुकले ते कळते.

शिवाय या कॅमेऱ्यात आपण भिंगातून पाहत नाही, शेजारच्या खिडकीतून पाहतो. म्हणून भिंगावरचे झाकण काढावयाचे राहिले, तरी दृश्य छान दिसते आणि फिल्म मात्र कोरी राहते. फार जवळच्या वस्तूचे चित्र घेताना खिडकीला दिसते ते आणि भिंगाला दिसते ते यांत फरक पडतो, आणि चित्रातल्या माणसाचे डोके कापले जाते. फार दूरचे दृश्य जवळ आणणाऱ्या लांब भिंगांनाही हा कॅमेरा सोयीचा नाही.

मग त्याचा गुण कोणता? तो शांत असतो. भिंगातून पाहण्याच्या कॅमेऱ्यात एक आरसा असतो, आणि चित्र घेताना तो खटकन वर उडतो. त्या क्षणी छायाचित्रकाराला दृश्य दिसतही नाही. अंतरमापक कॅमेऱ्यात तसा आरसा नाही. आवाज थोडा होतो, आणि हवा तो क्षण डोळ्यांआड होत नाही. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हे फ्रेंच छायाचित्रकार असा छोटा लायका घेऊन गर्दीत वावरत. तो चमकू नये म्हणून त्यावर ते काळी पट्टी लावीत. ३० जानेवारी १९४८ रोजी दुपारी ते दिल्लीत बिर्ला भवनात महात्मा गांधींना भेटले आणि आपल्या छायाचित्रांचे पुस्तक त्यांनी गांधीजींना दाखविले. ते तेथून निघाले आणि थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. कार्तिए-ब्रेसाँ लगबगीने परतले. त्या संध्याकाळी बिर्ला भवनाच्या फाटकावर चढून जवाहरलाल नेहरू जमलेल्या लोकांना ती दारुण वार्ता सांगत होते. प्रकाश अगदी अपुरा होता. त्या वेळी घेतलेले छायाचित्र नीट स्पष्ट नाही. तरीही ते जगभर पाहिले गेले. दुसऱ्या दिवशीच्या अंत्ययात्रेचीही छायाचित्रे त्यांनी घेतली. त्या जनसागरात मोठी तिपाई उभी करणाऱ्याला असे लोकांतलाच एक होऊन वावरता आले असते काय?

१९५९ मध्ये जपानच्या निकॉन कंपनीचा 'एफ' हा भिंगातून पाहण्याचा कॅमेरा निघाला, आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक वृत्तछायाचित्रकारांनी तसेच कॅमेरे पत्करले. पुढे फिल्मच मागे पडली. तरी अंतरमापक कॅमेरे नाहीसे झाले नाहीत. १९३२ सालच्या लायकाचे भिंग ३९ मिलिमीटरांच्या आट्यांनी बसते. ते एक धातूचे कडे मध्ये घालून आजच्या लायकावरही चढविता येते, आणि पुष्कळ हौशी लोक तसे करतातही. त्या जुन्या भिंगांच्या काचांवर परावर्तन रोखणारा थर नाही. ऊन समोरून आले की चित्र धुकटल्यासारखे येते. काहींना तो दोष वाटतो, काहींना त्यातच गोडी वाटते. मला विचाराल तर भिंगावर हाताची सावली धरून पाहावे.

जुन्या भिंगाचा खरा शत्रू दमट हवा. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात भिंगाच्या काचांवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे तंतू पसरतात आणि काचेला कायमचे चरे पाडतात. यासाठी कॅमेरा चामड्याच्या पिशवीत न ठेवता, ओल शोषणारे दाणे घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. भिंग उघडे ठेवून कॅमेरा सूर्याकडे रोखू नये, हेही सांगितले पाहिजे. भिंगाने कागद जळतो, तसे याचे कापडी पडदे जळून त्यांना भोक पडते. आणि मग प्रत्येक चित्रावर त्या भोकाचा पांढरा ठिपका उमटतो.

एखाद्याच्या आजोबांच्या कपाटात असा कॅमेरा सापडलाच, तर त्याचे अंतरमापक ठीक आहे की नाही हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. भिंगाचे कडे अनंत अंतराच्या खुणेवर फिरवावे आणि रात्री चंद्राकडे पाहावे. चंद्र एकच दिसला, तर आरसा जागेवर आहे. दोन दिसले, तर कॅमेरा जाणत्या कारागिराकडे न्यावा. वरच्या झाकणाखाली एक बारीक स्क्रू असतो, तो थोडासा फिरविला की दोन चंद्र पुन्हा एक होतात.