एक्स्पोसितो

एक्स्पोसितो : स्पेन व लॅटिन अमेरिकेतील स्पॅनिश भाषिक देशांत आढळणारे एक आडनाव. स्पॅनिश आडनावांचे सामान्यतः चार वर्ग करतात : पित्याच्या नावावरून बनलेली (उदा., फेर्नांदोचा पुत्र तो फेर्नांदेस, गोवा व वसई भागातील फर्नांडिस हे याचेच पोर्तुगीज रूप होय), स्थलवाचक (नावार्रो म्हणजे नावार्रा प्रांताचा), व्यवसायवाचक (हेर्रेरो म्हणजे लोहार) आणि शरीरविशेष दर्शविणारी (रुबिओ म्हणजे सोनेरी केसांचा). एक्स्पोसितो हे आडनाव यांपैकी कोणत्याही वर्गात बसत नाही. ज्याचे मातापिता अज्ञात आहेत, अशा टाकून दिलेल्या अर्भकाला ते संस्थेने दिलेले असे. त्यामुळे आडनावाने एरवी जे सांगितले जाते, म्हणजे कूळ, गाव वा धंदा, त्याचा अभावच या आडनावाने नोंदविला जाई.

व्युत्पत्ती व अर्थ : लॅटिनमधील ‘एक्स’ (बाहेर) आणि ‘पोनेरे’ (ठेवणे) यांपासून बनलेल्या क्रियापदाचे ‘एक्स्पोसितुस’ हे कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित होय. ‘बाहेर ठेवलेला’ हा त्याचा शब्दशः अर्थ. याच शब्दापासून स्पॅनिशमध्ये दोन रूपे आली. बोलीतून बदलत आलेले ‘एक्स्पुएस्तो’ हे ‘उघड्यावर असलेला, मांडलेला’ या सर्वसामान्य अर्थाने वापरतात. तर लॅटिनच्या जवळ राहिलेले, पंडिती वळणाचे ‘एक्स्पोसितो’ हे रूप टाकून दिलेल्या अर्भकापुरते मर्यादित झाले. चर्च व धर्मादाय संस्था यांच्या नोंदवह्यांतील हे सामान्यनाम पुढे विशेषनाम बनले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : कॅथलिक देशांत अर्भकांचा सांभाळ करण्यासाठी चर्च व धार्मिक बंधुसंघ यांनी संस्था स्थापिल्या. स्पेनमध्ये अशा संस्थेस ‘इन्क्लुसा’ म्हणत. सोळाव्या शतकात एका स्पॅनिश सैनिकाने नेदरलँड्समधून माद्रिदला आणलेल्या मेरीमातेच्या प्रतिमेवरून हे नाव पडले, असे परंपरा सांगते. संस्थेच्या भिंतीत ‘तोर्नो’ नावाचे फिरते लाकडी कपाट बसविलेले असे. बाहेरून त्यात मूल ठेवून कपाट फिरविले, की मूल आत जाई आणि ठेवणाऱ्याचा चेहरा आतील व्यक्तीस दिसत नसे. अनौरस संततीमुळे होणारी बेअब्रू हे मूल टाकण्याचे एक प्रमुख कारण होते. तथापि दारिद्र्य, दुष्काळ किंवा मातेचा मृत्यू यांमुळे विवाहित दांपत्यांची मुलेही तेथे येत. काही पालक मुलाबरोबर चिठ्ठी, पदक किंवा फितीचा तुकडा ठेवीत. परिस्थिती पालटल्यावर खूण पटवून मूल परत न्यावे, ही त्यामागील आशा असे. प्रत्यक्षात मुलांचे मृत्युमान फार मोठे होते. दूध पाजणाऱ्या दायांची टंचाई, दाटीवाटी व साथीचे रोग यांमुळे अनेक मुले पहिल्या वर्षातच दगावत. जी जगत, त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी एखाद्या संताचे नाव आणि बहुधा एक्स्पोसितो हे आडनाव मिळे.

सामाजिक व कायदेशीर दर्जा : स्पेनमध्ये अनेक लष्करी संघ, कॅथीड्रलमधील अधिकारपदे, विद्यालये व कारागिरांच्या श्रेणी यांत प्रवेशासाठी औरस जन्माचा व ‘रक्तशुद्धी’चा पुरावा द्यावा लागे. अज्ञात कुळातील व्यक्तीला असा पुरावा देणे अशक्य होते. त्यामुळे एक्स्पोसितो हे आडनाव उच्चारताच अनेक मार्ग बंद होत. चौथा कार्लोस (कार. १७८८–१८०८) याने १७९४ मध्ये काढलेल्या फर्मानाने ही स्थिती बदलण्याचा प्रयत्न केला. सर्व एक्स्पोसितो हे नागरी व्यवहारांत औरस मानावेत. त्यांना अनौरस वा तत्सम शब्दांनी हिणविणाऱ्यास शिक्षा व्हावी व त्यास आपले शब्द परत घ्यावयास लावावे, असे त्यात म्हटले होते. चाबकाचे फटके किंवा जाहीर विटंबना यांसारख्या हीन शिक्षाही त्यांना देऊ नयेत, असा आदेश होता. कारण शिक्षा भोगणारा एखाद्या उच्च घराण्यातील असण्याचा संभव होता. कुलीनतेची कल्पना न सोडता, अज्ञात जन्माचा लाभ मुलाच्या पदरात टाकणारी ही तरतूद त्या काळाच्या मानाने लक्षणीय होय.

कायद्याने दर्जा दिला, तरी आडनाव तेच राहिले आणि त्यातून जन्माची वार्ता पिढ्यान्‌पिढ्या कळत राहिली. १८७० च्या कायद्यानुसार १८७१ पासून नागरी नोंदणी सुरू झाल्यावर आडनावे अधिक स्थिर झाली. १९२१ पासून हे आडनाव बदलून घेण्यास कायद्याने वाव मिळाला. १९५७ च्या नागरी नोंदणी अधिनियमात एक्स्पोसितो किंवा अज्ञात जन्म सूचित करणारे तत्सम आडनाव बदलण्याची स्पष्ट तरतूद होती. ज्यांची मातृपितृपरंपरा ठरविता येत नाही, अशा मुलांना प्रचारातील सर्वसामान्य नाव व आडनावे द्यावीत, असेही त्यात सांगितले होते. १९७८ च्या संविधानाने जन्मावरून भेदभाव करण्यास मनाई केली आणि १९८१ च्या दुरुस्तीने औरस व अनौरस संततीतील भेद नागरी कायद्यातून काढून टाकला.

तत्सम आडनावे : सर्वच संस्थांनी एक्स्पोसितो हे आडनाव वापरले नाही. सारागोसा येथील ग्रासिया मातेच्या रुग्णालयातील मुलांना ग्रासिया हे आडनाव मिळे. क्यूबातील हाव्हाना येथे अठराव्या शतकाच्या आरंभी बिशप हेरोनिमो वाल्देस याने अर्भकालय स्थापिले आणि तेथील मुलांना आपले आडनाव दिले. कवी गाब्रिएल दे ला कोन्सेप्सिओन वाल्देस ऊर्फ प्लासिदो (१८०९–४४) हा जन्मानंतर याच संस्थेत ठेवलेल्यांपैकी होय. सिरिलो व्हिल्याव्हेर्दे याच्या सेसिलिया वाल्देस (१८८२) या कादंबरीतील नायिकेचे आडनावही त्याच प्रथेचे द्योतक आहे. मेक्सिको येथे आर्चबिशप लोरेन्साना याने १७६७ मध्ये स्थापिलेल्या संस्थेतील मुले लोरेन्साना आडनाव लावीत. ब्वेनस एअरीझ येथील अर्भकालयाच्या (१७७९) खर्चासाठी १७८० मध्ये एक मुद्रणालय काढण्यात आले. त्यास ‘एक्स्पोसितो मुलांचे मुद्रणालय’ असेच नाव होते. इटलीत नेपल्स येथील आनुन्त्सियाता संस्थेमुळे एस्पोसितो हे त्याच अर्थाचे आडनाव रूढ झाले. तेथील फिरते कपाट १८७५ मध्ये बंद झाले. तथापि नेपल्स परिसरात हे आडनाव आजही अत्यंत प्रचलित आहे.

या मुलांचा सार्वजनिक कार्यासाठी उपयोग केल्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी ला कोरुन्या बंदरातून फ्रान्सिस्को हाव्हिएर दे बाल्मिस याच्या नेतृत्वाखाली देवीची लस अमेरिकेस नेणारी मोहीम निघाली. शीतकरणाची सोय नसल्याने लस जिवंत ठेवण्यासाठी बावीस मुलांना क्रमाने टोचण्यात आले; एकाच्या दंडावरील फोडातील लस पुढच्यास देत ती समुद्रापार नेली. ही मुले प्रामुख्याने अनाथालयांतील होती. त्यांची देखभाल ला कोरुन्याच्या अर्भकालयाची प्रमुख इसाबेल सेन्दाल हिने केली.

प्रसार : स्पॅनिश पद्धतीत व्यक्तीस दोन आडनावे असतात : पित्याचे पहिले व मातेचे पहिले. १९९९ च्या कायद्याने त्यांचा क्रम निवडण्याची मुभा आईवडिलांना मिळाली. तत्पूर्वी पित्याचे आडनाव प्रथम येई. त्यामुळे एक्स्पोसितो हे पुरुषपरंपरेने टिकत असे, तर मातेकडून आलेले नातवंडांच्या पिढीत लोप पावे. अनेकांनी ते बदलूनही घेतले. असे असूनही ते स्पेनमध्ये, विशेषतः दक्षिणेकडील आंदालुसियात, बऱ्यापैकी आढळते. एखादे आडनाव विपुल असले, की त्यामागे विस्तारलेले एक घराणे असावे असा समज होतो. येथे तो लागू पडत नाही. निरनिराळ्या शहरांत, निरनिराळ्या शतकांत संस्थेच्या दारी आलेल्या आणि जगलेल्या असंख्य मुलांपासून हे आडनाव स्वतंत्रपणे सुरू झाले आहे. दोन एक्स्पोसितो कुटुंबांत रक्तसंबंध असेलच असे नाही. उलटपक्षी ग्रासिया, वाल्देस ही आडनावे अन्य मार्गांनीही आलेली असल्याने ती धारण करणारा प्रत्येक जण टाकून दिलेल्या मुलाचा वंशज ठरत नाही. अलीकडच्या काळात एक्स्पोसितोमागील कलंकाची भावना मावळली असून अभिनेत्री एस्तेर एक्स्पोसितो (२००० – ) हिच्यासारख्या लोकप्रिय व्यक्तींमुळे ते इतर कोणत्याही आडनावाप्रमाणे सहजपणे उच्चारले जाते.