यंत्राच्या वहीतला ‘ऱ’



संगणकाला अक्षर कळत नाही, ही गोष्ट आधी मनाशी पक्की धरली पाहिजे. त्याला कळतात ते अंक, आणि तेही ० ते २५५ या मापात मावणारे. या मापाला बाइट म्हणतात. अमेरिकेत १९६३ साली अक्षरांच्या अंकांची जी यादी मुक्रर झाली, तिच्यात जागाच १२८ होत्या. इंग्रजीचे काम तेवढ्यात भागले. मराठीला त्या पंगतीत पाटच नव्हता.

पुढे १९९१ साली युनिकोड ही जगातल्या लिप्यांची एक सामाईक यादी निघाली. हजेरीपटावर कामगाराला क्रमांक असतो, तसा तिच्यात प्रत्येक अक्षराला आहे. ‘र’चा क्रमांक २३५२. त्याला लागून २३५३ हा ‘ऱ’चा. हा ‘ऱ’ सुटा क्वचितच दिसतो. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांत मात्र तो आडवी रेघ होऊन उभा राहतो. हिंदीचे त्याच्यावाचून अडत नाही, आपले अडते. आचार्यांना जेवायला वाढले आणि आचाऱ्यांना जेवायला वाढले, यांत माणसेच बदलतात!

आता २३५३ हा अंक एका बाइटात मावणार कसा? यावरची तोड केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली काढली. तिचे नाव यूटीएफ-८. हिशेब शाळेतल्या भागाकाराचा आहे. २३५३ला ६४ने भागा. ३६ येतात, बाकी ४९. दोहोंत १२८ मिळवा: १६४ आणि १७७. त्यांच्यापुढे २२४ हे इंजिन जोडा. झाली तीन बाइटांची गाडी! इंजिनाचा अंकच सांगतो की मागे दोन डबे आहेत. आणि डब्याचा अंक नेहमी १२८ ते १९१ यांच्या दरम्यान. त्यामुळे यंत्राने मधूनच वाचायला घेतले तरी डब्याला ते इंजिन समजत नाही. इंग्रजी अक्षरे १२८च्या खाली एकेकटी धावतात, म्हणून त्यांच्या जुन्या नोंदींना धक्का लागला नाही. आम्हांला ही युक्ती फार आवडते.

पण आपल्या ‘ऱ’ची खरी अडचण याच्या पुढे आहे. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातली आडवी रेघ दोन तऱ्हांनी लिहिता येते. एक म्हणजे ‘ऱ’ आणि हलन्त, २३५३ व २३८१, बाइट सहा. दुसरी म्हणजे साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा एक सांधा, २३५२, २३८१ व ८२०५, बाइट नऊ. ही दुसरी तऱ्हा युनिकोडच्या जुन्या आवृत्तीतली, सोयीसाठी पुढे चालू ठेवलेली. कागदावर दोन्ही नावे हुबेहूब सारखी उमटतात. यंत्र मात्र बाइटाला बाइट लावून पाहते. एकीकडे तिसरा बाइट १७७, दुसरीकडे १७६; तिथेच ते म्हणते, हा माणूस वेगळा.

आणि माणूस वेगळा ठरला की त्याचा पैसा अडतो. पगारपत्रकात नाव एका तऱ्हेने, निधीच्या यादीत दुसऱ्या, अशा एका प्रकरणात आम्ही खेटे घातले आहेत. खिडकीतला कारकून बदमाश नव्हता. पडद्यावर ‘नोंद नाही’ असे उमटले, तेच त्याने सांगितले. दोन कागद शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नव्हता, कारण कागद सारखेच होते.

‘र’खाली नुक्ता देऊन केलेला ‘ऱ’ आणि मूळचा ‘ऱ’ यांना युनिकोडच्या नियमांनीच एक मानले आहे, आणि नावे जुळवण्यापूर्वी तेवढे एकीकरण पुष्कळ यंत्रे करतात. न दिसणाऱ्या सांध्याचे रूप मात्र त्या नियमात येत नाही. म्हणून ते काम मुद्दाम सांगून करवून घ्यावे लागते. आम्ही लेखी मागणी दिली ती दोन कलमांची. तुलना करण्यापूर्वी २३५२, २३८१, ८२०५ ही तिकडी जिथे सापडेल तिथे २३५३, २३८१ ही जोडी घालावी. आणि नाव जुळत नाही असे म्हणायचे असेल, तर नुसते नाव छापून न देता त्याचे बाइट छापून द्यावेत.