घोडकाठची हाडं

हाडांच्या ठिसूळपणावर लिहायचं ठरलं आणि मला दवाखान्याआधी इनामगाव आठवलं. शिरूर तालुक्यातल्या घोडनदीच्या काठचं ते पांढरीचं टेकाड डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात खणलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यामागची पुरातत्त्वज्ञ माणसं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० एवढी नऊशे वर्षं इथे वस्ती होती. नदीचं पाणी पाटाने वळवून बार्ली पिकवणारे हे शेतकरी मेलेल्यांना घराच्या जमिनीखालीच पुरत. तान्ह्या मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून. मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले. मेलेला माणूस उठून चालू लागू नये म्हणून, असं ढवळीकरांचं म्हणणं. एक पुरुष मात्र पायांसकट, चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात मांडी दुमडून बसवलेला सापडला. गावचा म्होरक्या असावा. त्याच्याबद्दल मी तासभर बोलू शकतो, पण आज विषय हाडांचा आहे.

गंमत अशी की आज गावोगावच्या शिबिरांत हाडांची चाचपणी करतात ती टाचेवरच, ध्वनिलहरींच्या यंत्राने. म्होरक्या सोडला तर इनामगावच्या या थोरांना रांगेत उभं करूनही उपयोग नव्हता.

खरी गोष्ट लहानग्यांच्या हाडांत आहे. ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन संशोधिकेने इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद या प्राचीन वस्त्यांमधल्या मुलांचे सांगाडे अभ्यासले. तिचं पुस्तक २०११ साली आलं. मांडीच्या हाडावरून मुलाचं वजन अजमावता येतं, कारण हाड भार पेलण्याइतकंच जाड होतं. अखेरच्या काळात, इसवी सनापूर्वी १००० नंतर, चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या आणि मुलं उंचीच्या मानाने हलकी भरू लागली. पुढे तिने हाडांचा आडवा छेद घेऊन कवचाची जाडी आणि सच्छिद्रताही पाहिली. यात एक मेख आहे: जमिनीत हजारो वर्षं पडलेल्या हाडाला माती आणि जंतूही भोकं पाडतात. उपासमारीची भोकं कोणती आणि मातीची कोणती, हे निवडणं म्हणजे खरी कारागिरी. वस्तीच्या या ऱ्हासाचं खापर ढवळीकरांनी कोरड्या पडत गेलेल्या हवामानावर फोडलं. शुग यांना एवढं उत्तर पुरेसं वाटत नाही. माझा कल शुग यांच्याकडे, कारण दुष्काळ आला तरी कोणाच्या ताटातलं आधी कमी होतं हे पाऊस ठरवत नाही.

वैद्यकाचं थोडक्यात सांगतो. हाड सतत झिजतं आणि नव्याने भरतं. तिशीपर्यंत साठा वाढतो, मग घटू लागतो. पाळी थांबली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि बायकांची घट झपाट्याने होते. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजेच हाडांचा ठिसूळपणा. मोडतात ते मणके, मनगट, खुबा. मणका तर अनेकदा न सांगताच दबतो. आजी वाकली, उंची घटली, एवढंच घरच्यांना दिसतं.

साठा करायचा तो तिशीच्या आतच, म्हणून मला आजीपेक्षा नातीची काळजी वाटते. दौंडकडच्या वस्त्यांवर पहाटे दूध काढतात, कॅन डेअरीला जातं आणि घरात उरतं चहापुरतं. त्यातही पोराला पेला, पोरीला कपबशी. बाजरीची भाकरी उत्तमच, पण कॅल्शियममध्ये नाचणी तिच्या कितीतरी पुढे: १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम. ऊन मात्र इकडे फुकट आहे, फक्त ते कातडीला लागलं पाहिजे. खुरपायला जाणारी बाई डोक्यापासून मनगटापर्यंत झाकलेली असते, त्यामुळे दिवसभर रानात राहूनही ड जीवनसत्त्व पुरेसं मिळेलच असं नाही.

आणि पन्नाशीपुढची बाई अंगणात साधी घसरून मनगट मोडून बसली, तर प्लॅस्टर सुटल्यावर विषय मिटवू नका. हाडांची घनता तपासायची का, हे डॉक्टरांना विचारा. हाडांची झीज रोखणारी औषधं आहेत, आणि ती खुबा मोडण्याआधी सुरू झालेली बरी.