लोच मासा : खरेदीआधी ओळख, खरेदीनंतर काळजी

मुंबईत कुर्ला आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत ‘लोच’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या जातींचे मासे विकले जातात. गिऱ्हाईक जोडी घरी नेतो, आठवडाभरात मासे मरतात आणि बोल दुकानदाराला लावला जातो. म्हणून माल हाती येताच जात ओळखणे दोघांच्याही फायद्याचे आहे.

नारिंगी अंगावर तीन रुंद काळे पट्टे आणि पहिला पट्टा डोळ्यावरून गेलेला, तो क्लाउन लोच. हा सुमात्रा-बोर्निओचा. विकला जातो बोटाएवढा, पण वाढतो फूटभर. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. अंगावर अनेक बारीक तिरपे पट्टे असतील तर तो झेब्रा लोच, आपल्या कृष्णा खोऱ्यातल्या नद्यांचा रहिवासी. तो चार इंचांपलीकडे सहसा जात नाही, त्यामुळे लहान टाकीला हाच बरा. मात्र आययूसीएनने त्याची नोंद धोक्यातील जातींत केली आहे, तेव्हा भरमसाठ माल मागवू नये. यो-यो लोचच्या अंगावर लहानपणी वाय आणि ओ ही इंग्रजी अक्षरे काढल्यासारखी दिसतात. काही जण ‘चायनीज अल्गी ईटर’सुद्धा लोच म्हणून खपवतात! त्याला मिशा नसतात आणि तोंडाने तो काचेला चिकटतो. या तिन्ही लोचना मिशा असतात, एवढी खूण पुरे.

लोचच्या डोळ्याखाली एक दुमडता काटा असतो. घाबरला की तो बाहेर काढतो, मग जाळीत अडकतो आणि प्लास्टिकची पिशवीही फोडतो. मासा जाळीऐवजी वाटीने पकडावा, पिशवी दुहेरी घ्यावी.

नवा माल दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. लोचचे खवले अगदी बारीक, त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला चटकन लागतो आणि औषधही सोसत नाही. ठिपके दिसताच हीटरने पाणी हळूहळू तीस अंशांपर्यंत न्यावे, हवेचा पंप जोरात ठेवावा. औषध द्यायचेच तर अर्ध्या मात्रेपासून सुरुवात करावी. झेब्राला मात्र एरवी थोडे थंड पाणीच मानवते.

तळाला बारीक वाळू हवी, खडी मिशा झिजवते. लपायला मडक्याचे तुकडे किंवा पाइप ठेवावेत. एकटादुकटा लोच कोपरा धरून बसतो, म्हणून पाच-सहा एकत्र विकावेत, विक्रीही वाढते. रात्री दिवा मालवल्यावर बुडणारे खाद्य टाकावे. टाकीतल्या गोगलगायी तो स्वतःच फस्त करतो. आणि क्लाउन लोच कधी आडवा पडून झोपतो. मेला समजून काढून फेकण्याआधी काचेवर हलकेच टिचकी मारून पाहावे.